मेव्हण्याचा कोट

नोकरी दारातच ठरते आणि ती कपड्यांवर ठरते, असं माझं ठाम मत होतं. म्हणून राहात्याच्या एका डेअरीत मुलाखतीला जाताना मी मेव्हण्याचा लग्नातला निळा कोट घातला. वयोमर्यादेचं माझं हे शेवटचं वर्ष. पुढच्या भरतीत अर्जही करता येणार नव्हता.

"लई गरम व्हईल," बायको ज्ञानेश्वरी म्हणाली.

"छाप पडते."

छाप पडली. फाटकावर पहारेकऱ्याने सलाम ठोकला. शिपाई छगन धावत आला. "या सायेब, समदे तुमचीच वाट बघत्यात."

कोट काम करतोय, असं मला वाटलं. आत गेल्यावर मी तोंड उघडण्याआधी व्यवस्थापकांनी माझ्या डोक्यावर तयार फेटा ठेवला, अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. फोटोही झाला. मुलाखती घ्यायला पुण्याहून तज्ज्ञ येणार होते. ते मी होतो.

आमच्याकडे सत्कार सुरू झाला की मध्ये थांबवता येत नाही. नारळ हातात असलेल्या माणसाला 'तुमचं चुकतंय' म्हणता येत नाही. मी योग्य संधी शोधत राहिलो. तोवर चार मुलाखती घेऊन झाल्या. एकाला तर मी वाढलेल्या नखांवरून झापलं.

मग छगनने पुकारलं, "रंगनाथ गोरे!"

तीनदा पुकारलं. तिन्ही वेळा मी नारळाकडे पाहिलं.

"भायेर एक जण बसल्यात कवाधरनं," छगन म्हणाला. "शर्ट पार चुरगाळलाय. तेच असत्याल."

ते आत आले. "गोरे का?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"नाही. मी पुण्याहून एसटीने आलोय. मुलाखती घ्यायला."

सगळे माझ्याकडे वळले.

"मंग तुमी कोन?" छगनने विचारलं.

"रंगनाथ गोरे," मी म्हणालो. "हजर."

फेटा एकच होता. छगनने तो माझ्या डोक्यावरून काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला. मागोमाग शाल गेली, नारळ गेला. मी समोरच्या खुर्चीत बसलो.

तज्ज्ञांनी एकच प्रश्न विचारला. "बाहेर एक जण दातांनी नखं कुरतडतोय. आतल्या साहेबांनी सांगितलं म्हणे. बघू तुमची."

मी हात पुढे केले. त्यांनी माझी वाढलेली नखं पाहिली आणि यादीत नावापुढे फुली मारली. जागा त्या नखं कुरतडणाऱ्याला मिळाली.

घरी ज्ञानेश्वरीने विचारलं, "कोट आवडला का त्यान्ला?"

"खूप," मी म्हणालो. "त्यांनी त्याचा सत्कार केला."