खानझोडे काकांची जादा मॅच

आमच्या शेजारच्या खानझोडे काकांकडे शनिवारी टीम हरली की रविवारी सुतक असतं. सुतक म्हणजे अगदी रीतसर. दाढी नाही, पूजा नाही, गोडधोड नाही, गॅस पेटवायचा नाही. साधी हार असेल तर एक दिवस, घरच्या मैदानावरची असेल तर तीन. लागोपाठ हरले तर काय, असं मी एकदा विचारलं होतं. काका गंभीरपणे म्हणाले, "सुतकात सुतक आलं तर पहिल्यासोबतच दुसरं फिटते, बेटा. शास्त्रात सोय आहे."

टीम म्हणजे कॉलेजच्या पोरांची. खेळ अमेरिकन फुटबॉल. कॉलेज कोणतं ते मी सांगणार नाही, त्या बिचाऱ्यांची आधीच पुरेशी शोभा झाली आहे. आमच्या ट्रॉय गावापासून दीड तासावर आहे आणि रंग राखाडी-केशरी आहे, एवढं पुरे.

सुतकाची भानगड मला कळली ती माझी फजिती होऊन. दोन वर्षांपूर्वी आम्ही आधीचं गाव आयसेलिन सोडून इथे मिशिगनमध्ये आलो आणि पंधरवड्यात मंडळाचा गणपती आला. मी हौसेनं प्रसादाचं ताट घेऊन फिरत होते. हॉलच्या बाहेर, पार्किंगमध्ये, एक सत्तरीचे गृहस्थ घडीची खुर्ची टाकून बसले होते. राखाडी स्वेटशर्ट, दाढीची खुंटं, तोंड उतरलेलं. मी मोदक पुढे केला तर त्यांनी हात मागे घेतला. "नको बेटा, सुतक आहे. म्हणून तर बाहेर बसून राहिलो."

मला ओशाळल्यासारखं झालं. चौकशी केली तर हे आमचेच शेजारी निघाले. सुतकात घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी करायचं असतं, हे मला ठाण्याला आईनं शिकवलेलं. मी घरी येऊन वरण-भाताचा डबा भरला, साधी साडी नेसले आणि त्यांच्या दारात जाऊन हळू आवाजात विचारलं, "काका, कोण गेलं?"

"क्वार्टरबॅक," काका म्हणाले. "गुडघ्यातून गेला. आता अख्खा सीझन गेला म्हण न."

क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा चेंडू फेकणारा मुख्य गडी, हे मला नंतर कळलं. काकांनी तोवर माझ्या हातातून डबा घेतला, झाकण उघडलं आणि म्हणाले, "तुरीचं आहे न वरण?"

असा संताप आला होता! साडी नेसले होते मी त्या क्वार्टरबॅकसाठी! घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. पण पुढच्या शनिवारी ते परत हरले आणि रविवारी माझा हात आपोआप कुकरकडे गेला. तेव्हापासून हा नेमच झाला आहे. आमचं वरणाचं भांडं सप्टेंबर ते नोव्हेंबर त्यांच्याचकडे असतं.

काका मूळचे नागपूरचे. गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत स्प्रिंगांचं डिझाइन करण्यात त्यांची हयात गेली. अर्धं आयुष्य अमेरिकेत काढलं, पण भाषा जशी आणली तशीच ठेवली आहे. टीमच्या पोरांना ते 'पोट्टे' म्हणतात. सव्वासहा फुटी, एकशेतीस किलोचे ते गडी टीव्हीवर एकमेकांवर आदळत असतात आणि हे म्हणतात, "पोट्टे मनाचे वाईट नाहीत, बेटा. फक्त हरून राहिले."

यंदा मी शनिवारी दुपारी त्यांच्याकडे मॅच बघायला जायला लागले. मला त्या खेळात काडीचा रस नाही. पण नवरा शनिवारी दुपारी घोरत असतो आणि मला आयतं मनोरंजन मिळतं. मॅचमधून नाही, काकांकडून.

डिफेन्सबद्दल त्यांचं मत ठाम आहे. "ही डिफेन्स आहे का लग्नाची पंगत? कोणीही यावं, मधून जावं, कोणी विचारत नाही." कोचला ते 'भैताड' म्हणतात, भैताड म्हणजे आपल्याकडचा बावळट. चेंडू हातून निसटला की म्हणतात, "माय वो! दुधाची पिशवी धरता येते ह्यांना?" आणि चेंडू पुढे नेणं जमत नाही असं दिसलं की टीम तो लाथ मारून लांब समोरच्यांकडे देऊन टाकते. तेव्हा काका मान हलवतात. "झालं. फाइल दुसऱ्याच्या टेबलावर."

एकदा मी म्हटलं, "काका, सगळा खेळ हातानं, मग ह्याला फुटबॉल का म्हणतात?" मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. काकांनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "तुमच्या डिपार्टमेंटला क्वालिटी काऊन म्हणतात?" त्यानंतर मी असले प्रश्न विचारले नाहीत.

सीझन वाईटच चालला होता. ऑक्टोबर संपला तेव्हा झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मॅच हरल्या होत्या आणि काकांची दाढी धड वाढतही नव्हती, धड निघतही नव्हती. तरी एक गोष्ट त्यांनी धरून ठेवली होती. बारा मॅचपैकी सहा जिंकल्या की टीमला डिसेंबरात एक जादा मॅच मिळते. कुठल्या तरी लांबच्या गावात, अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये. ती जिंकली काय अन् हरली काय, कुणाला फरक पडत नाही. काकांना पडत होता. फ्रिजवर त्यांनी कागद लावला होता, त्यावर सहा चौकोन. नोव्हेंबरात पोरांनी कसे कोण जाणे दोन सामने काढले आणि पाच चौकोन भरले. शेवटची मॅच राहिली होती.

"अहो, एवढं काय त्या जादा मॅचचं?" मी वैतागून म्हटलं. "हरायलाच जाणार ना तिथे? आणखी एक सुतक!"

काका कागदाकडे बघत म्हणाले, "जादा मॅच म्हणजे जादा फोन, बेटा."

फोन मला माहीत होता. मॅच संपली की पाच मिनिटांत तो वाजायचा आणि काका टीव्ही बंद करून ताठ बसायचे. फोन तन्मयचा, त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा. तो त्याच कॉलेजात शिकला आणि आता सिॲटलला असतो. तिथे त्याला सगळे 'टॅन' म्हणतात. काकांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. दहा मिनिटं कोचला शिव्या, दोन मिनिटं रेफरीला, मग "ओके बाबा, बाय." मला वाटायचं, काय छान गप्पा मारतात बापलेक.

"सीझन संपला की तो फोन करत नाही," काका म्हणाले. "मी केला तर उचलते. 'ऑल गुड, बाबा' म्हणते. अन् मग दोघंही गप्प. त्याची आई होती तेव्हा ती बोलायची, आम्ही दोघं बाजूला बसून राहायचो. आता तिचं नाव निघालं की त्याचा आवाज बंद होते. माझाही होते. फुटबॉलचं तसं नाही न. कितीही बोला, कोणी रडत नाही."

काकू जाऊन चार वर्षं झाली, एवढंच मला ठाऊक होतं. उगाच घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "चला काका, जाते मी."

"जाते म्हणू नये," काका लगेच म्हणाले. दर शनिवारी म्हणतात. "येते म्हणावं."

"येते, बाबा, येते!"

"तन्मयही असाच भांडे. शाळेच्या बससाठी निघाला की मी म्हणायचो, येतो म्हण. तर म्हणे, 'बट आय ॲम गोइंग!'" काका हसले. "आईचं तेरावं करून परत निघाला तेव्हा दारात म्हणाला, 'जातो, बाबा.' मी टोकलं नाही त्या दिवशी. टोकायला पाहिजे होतं."

शेवटची मॅच थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी होती. सकाळपासून बर्फ पडत होता. मी गेले तर काका गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा स्वेटशर्ट घालून बसलेले. स्वेटशर्टला इस्त्री करणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. फ्रिजवरच्या कागदाशेजारी पेन दोरीनं बांधून ठेवलं होतं.

पोरं काय खेळली त्या दिवशी! मलासुद्धा कळलं, म्हणजे बघा. शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा आपण दोन पॉइंटनी मागे होतो आणि एकच किक बाकी होती. चेंडू दोन खांबांच्या मधून गेला की तीन पॉइंट, जिंकलो, सहावा चौकोन. मी उठून उभी राहिले होते. देवाचं नाव घेत होते, खोटं कशाला सांगू. काका मात्र खुर्चीत हात जोडून बसले होते.

चेंडू उजव्या खांबाला लागला आणि परत मैदानात पडला.

टीव्हीत समोरची टीम नाचायला लागली. ज्यानं किक मारली तो पोरगा गुडघ्यांवर बसला आणि तोंड झाकून घेतलं त्यानं. वीसेक वर्षांचा असेल. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

"पोट्टा मनाचा वाईट नाही," काका म्हणाले. "वारा होता." आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

फोन वाजला.

"अनबिलीव्हेबल, बाबा. द पोस्ट!"

"वारा होता न, बाप्पा."

मग नेहमीसारखा कोच, रेफरी, डिफेन्स. काका आज फार हळूहळू बोलत होते. संपलेला विषय परत काढत होते, सप्टेंबरातल्या मॅचवर जाऊन आले, गुडघा गेलेल्या जुन्या क्वार्टरबॅकचीही विचारपूस झाली. माझ्या लक्षात आलं, हे फोन लांबवतायत. मला उठून जावंसं वाटलं, पण दार त्यांच्या मागे होतं. शेवटी बोलायचं सगळंच संपलं. फोनमध्ये नुसता खरखर आवाज येत होता.

"सो... दॅट्स द सीझन," तन्मय म्हणाला.

"हो. आता सप्टेंबर."

"येस." मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, कट झाला. आणि मग मराठीत, जरा अडखळत, "ओके बाबा. येतो."

फोन बंद झाला. काका त्या फोनकडे बघत बसले. मी विचारलं, चहा टाकू का? त्यांना ऐकू गेलं नाही. परत विचारलं नाही मी. घरी आले.

रविवारी सकाळी वरण-भाताचा डबा घेऊन निघाले. घरच्या मैदानावर हरलेले, म्हणजे तीन दिवसांचं सुतक. रात्रभर बर्फ पडून घोट्यापर्यंत साचला होता. बघते तर काका बाहेर, कानटोपी घालून, शॉवेलनं ड्राइव्ह-वे साफ करतायत. दाढी केलेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मसाला भाजल्याचा असा खमंग वास येत होता की मला ठसका लागला. सावजी रस्सा! सुतकात!

"काका, अहो, गॅस पेटवलात?"

"नाही पाळून राहिलो ह्या वेळी," ते म्हणाले आणि बर्फ उपसत राहिले.

त्यांची एकच गाडी, ती गॅरेजात असते. गॅरेजापुढचा रस्ता कधीच साफ करून झाला होता. आता ते त्याच्या शेजारची जागा साफ करत होते. तिथे पूर्वी तन्मयची गाडी उभी असायची. मी येण्याआधीची गोष्ट, पण ती जागा हिवाळाभर बर्फाखाली असते हे मी दोन वर्षं बघत आले आहे.

कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि तिथे मीच होते. चुका दाखवायचा पगार घेते ना मी! म्हटलं, "काका... तो 'येतो' म्हणाला ते... आपण निघताना म्हणतो तसं म्हणाला असेल हो. बाय म्हणतात तसं."

काका थांबले. शॉवेलच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून जरा वेळ दम खात उभे राहिले.

"समजते न मला," ते म्हणाले. "मीच शिकवला तो शब्द त्याला." मग परत वाकले आणि पुढचा ढीग उचलला. "पण खरंच आला, तर गाडी कुठे लावेल?"

मी डबा पायरीवर ठेवला आणि आमच्या गॅरेजातलं शॉवेल आणायला वळले. निघताना तोंडातून आपोआपच "येते हं, काका" निघालं, आणि पाच मिनिटांत परत आले.