मोघ्यांची राखीव खुर्ची

मोघे कुणाच्याही घरी गेले की आधी कंदिलाला भेटायचे. माणसांचा नंबर मागाहून. दाराशी चपला काढायच्या, खुंटीवरचा कंदील उतरवायचा, टाकीचं झाकण फिरवायचं, नाक लावायचं आणि डोळे मिटून जाहीर करायचं, "इराणचं." क्वचित म्हणायचे, "हे इराणचं नव्हे." मग कुठलं, ते सांगत नसत. कंदील जागेवर टांगून म्हणत, "हं, आता बोला. पोरांचा खोकला काय म्हणतो?"

रॉकेलचा देश वासावरून कळतो की नाही, मला माहीत नाही. डोंबिवलीत आम्हाला रॉकेलबद्दल एवढंच कळायचं की या आठवड्यात ते रेशनवर आलं की नाही. एकदा आमच्या ह्यांनी मुद्दाम कंदिलात खोबरेल घालून ठेवलं. मोघ्यांनी वास घेतला, ह्यांच्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "रत्नागिरी." त्यानंतर ह्यांनी त्यांची परीक्षा घेतली नाही.

सदाशिव मोघे आमच्या चाळीत तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत राहायचे. स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी ते आले, एक ट्रंक आणि एक भलीमोठी काळी छत्री घेऊन. एका तेल कंपनीच्या प्रचारगाडीवर ते सिनेमे दाखवायचे. नाचगाण्यांचे नव्हेत, जमिनीतून तेल कसं काढतात आणि त्यापायी कोणते देश कोणाच्या उरावर बसले आहेत, याचे. वय पन्नाशीच्या आसपास, माणूस एकटा. लग्न झालं होतं की नाही, हे चाळीतल्या बायकांना चार वर्षांत काढून घेता आलं नव्हतं. आमच्या चाळीला इतकं अपयश दुसऱ्या कुठल्याच कामात आलेलं नाही.

"मुळात प्रश्न तेलाचा आहे," हे त्यांचं पालुपद. जगात कुठंही लढाई सुरू झाली की ते हे म्हणायचे, तिथपर्यंत ठीक होतं. पण विहिरीवर दोन बायका दोरावरून भांडल्या तरी तेच. गोदूताईंचा जावई रुसून गेला, तेव्हाही मोघे दारातून म्हणाले, "मुळात प्रश्न तेलाचा आहे." गोदूताई फटकळ. म्हणाल्या, "हो, डोक्यावर थापायच्या तेलाचा. तुमच्याकडे असेल तर द्या वाटीभर!"

मी तेव्हा मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. फुकट मिळणारं ज्ञान मी कधी सोडलेलं नाही, त्यामुळे वर्षातून दोनदा मोघ्यांची गाडी शाळेच्या अंगणात उभी राहायची. वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, गाडीतलं विजेचं यंत्र धडधडायला लागायचं आणि पडद्यावरचा साहेब इंग्रजीत सुरू व्हायचा. मोघे पडद्याशेजारी उभे राहून मराठीत सांगत. साहेब तीन मिनिटं बोलला की म्हणत, "साहेब म्हणतो, आम्ही या वाळवंटात सुखसोयी आणल्या." मग जरा थांबून, "वाळवंटातल्या माणसांना विचारलेलं दिसत नाही."

"मोघे, पगार कोण देतं तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"कंपनी."

"मग हे असलं बोलता?"

"साहेबाकडून जे राहून जातं, तेवढंच मी भरतो, बाई."

कोलशेतच्या खाडीकडे मिठागरवाल्यांना त्यांनी हेच सिनेमे दाखवले. तिथं एका म्हाताऱ्याने विचारलं, "आमचे खारीन पन निंगल का रं तेल?" सगळे हसले. मोघे हसले नाहीत. म्हणाले, "नको निघायला, बाबा. निघालं तर ही खारजमीन तुमची राहायची नाही." हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगतानाही हसले नाहीत.

आता खुर्चीचं सांगते. सिनेमा कुठंही असो, चित्र फेकणाऱ्या यंत्राच्या डाव्या बाजूला दोन हातांवर एक रिकामी खुर्ची ठेवायची, असा मोघ्यांचा दंडक होता. तिच्यावर कुणी बसायचं नाही. एका गावात त्यांनी पाटलांना उठवलं. आमच्या शाळेत तर साक्षात शाळा-तपासनीसांना उठवलं. "ही राखीव आहे," एवढंच म्हणाले आणि तपासनीस उठेपर्यंत सिनेमा सुरूच केला नाही. त्या वर्षीचा आमच्या शाळेचा शेरा कसा आला असेल, ते सांगत नाही.

त्या खुर्चीवर मोघे स्वतःच बसायचे, तेही फक्त एका सिनेमात. ब्रह्मदेशातल्या तेलाच्या विहिरींचं एक जुनं रीळ होतं. हाताने खणलेल्या विहिरी, दोराने आत सोडलेली माणसं, वर येणारं काळं तेल. ते रीळ अर्ध्यावर आलं की मोघे बोलता बोलता थांबायचे, पडद्याजवळून चालत येऊन खुर्चीवर बसायचे, क्षणभर बसून उठायचे आणि परत जाऊन पुढचं वाक्य सुरू करायचे. मुली त्याचीच वाट बघायच्या. "मामा बसले! मामा बसले!" अशी कुजबूज व्हायची. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

ते रीळ झिजलेलं होतं. दर खेळाला तुटायचं. मग मोघे पात्याने खराब तुकडा कापून उग्र वासाच्या डिंकाने टोकं जोडत. कंपनीच्या कचेरीतून पत्रांवर पत्रं येत होती : जुनं रीळ परत पाठवा, नवं रंगीत घेऊन जा. मोघे उत्तर लिहीत, "रीळ शोधत आहे." रीळ त्यांच्या उशाशी पत्र्याच्या डब्यात असायचं, हे गोदूताईंनी खिडकीतून स्वतः पाहिलं होतं. खिडकीतून बघणं हा त्यांचा पिढीजात हक्क होता. तिसऱ्या पत्रात कचेरीने नोकरी जाईल असं लिहिलं, तेव्हा मी मोघ्यांना म्हटलं, "एका फाटक्या रिळापायी नोकरी घालवता की काय?"

"बघू," ते म्हणाले. मुळात प्रश्न तेलाचा आहे, असं त्या दिवशी म्हणाले नाहीत.

याच सुमाराला आमच्या चाळीत तेल लागलं.

सकाळी गोदूताई विहिरीवर गेल्या आणि बोंब मारतच परत आल्या. पाण्यावर रंगीत तवंग होता. आदल्याच आठवड्यात सगळ्यांनी मोघ्यांचा सिनेमा पाहिलेला, त्यामुळे कुणालाच दुसरी शंका आली नाही. डोंबिवलीच्या पोटात तेल होतं आणि ते आमच्या विहिरीतून वर आलं होतं.

दुपारपर्यंत चाळीचे दोन देश झाले. घरमालक अण्णा म्हणाले, "जमीन माझी, विहीर माझी, तेल माझं. ज्याला पटत नसेल त्याने खोली सोडावी." भाडेकरूंनी सभा घेतली. सभेत तळमजल्याने ठराव मांडला की वरच्या मजल्याला हक्क नाही, कारण त्यांच्या खाली जमीन नाही, आम्ही आहोत. वरच्या मजल्यावरचे परांजपे चवताळून उठले. "मग पावसात गळतं तेव्हा छप्परही आमचंच म्हणा! तेव्हा कसे पातेली घेऊन वर बघत बसता?" आमचे हेसुद्धा तावातावाने बोलून आले. मी विचारलं, "पाणी कुठून आणायचं, ते ठरलं का?" ते सभेच्या विषयपत्रिकेवर नव्हतं. मी दोन कळशा घेऊन पलीकडच्या आळीत गेले.

संध्याकाळी मोघे दौऱ्यावरून आले. सगळी चाळ त्यांच्यामागे विहिरीवर गेली. अण्णांनी तर खांद्यावर हात ठेवला. "या मोघे, तुमच्यासारख्या जाणकाराने एकदा सांगून टाका." मोघ्यांनी बादलीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं. एवढा वेळ त्यांनी कधीच घेतला नव्हता. मला वाटलं, या माणसाने आयुष्यभर ज्याचा जप केला, ते आज याच्या दारात आलंय. आता हा नाचणार.

"हे जमिनीतलं नव्हे," मोघे म्हणाले. "गाळलेलं आहे. डब्यातलं. डबा इथून दहा हातांच्या आत पुरलेला असणार." आणि वास घेत घेत ते विहिरीमागच्या अण्णांच्या लाकडांच्या खोपटापाशी जाऊन उभे राहिले.

खोपटात चार डबे पुरलेले निघाले, त्यातला एक गंजून गळत होता. आम्ही वाटीवाटीने रॉकेल पुरवून पुरवून वापरत होतो त्या दिवसांत. तेल अण्णांचंच आहे, हे मात्र खरं ठरलं. अण्णा आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत, आणि गोदूताईंनी ते आठही दिवस त्यांच्या खिडकीखाली बसून तांदूळ निवडले.

पुढे कंपनीने गाडीच बंद करायचं ठरवलं. कचेरीचं शेवटचं पत्र आलं : सोमवारी गाडी, यंत्र आणि यादीप्रमाणे सगळी रिळं मुंबईला जमा करावीत. मोघ्यांना घरी बसवलं होतं.

शनिवारी ते आमच्याकडे आले. कंदिलाला हात लावला नाही, त्यावरूनच मी समजले की काहीतरी आहे.

"बाई, उद्या दुपारी एक वर्ग हवा होता. घोंगड्या मी लावीन."

"मुलींना निरोप पाठवू?"

"नको. तुम्ही एकट्या या."

आमचे हे पेपरातून वर बघायला लागले. "यांनाही आणा," मोघे घाईघाईने म्हणाले. ह्यांना रविवारची झोप प्रिय. मी एकटीच गेले.

वर्गात यंत्र मांडलेलं होतं. शेजारी खुर्ची होती. मोघ्यांनी रीळ चढवलं, पण यंत्र सुरू केलं नाही.

"ब्रह्मदेशात मी याच विहिरींवर कारकून होतो," ते म्हणाले. "तिथल्या बायका दोर ओढायच्या. त्यांतली एक, मा खिन, माझी बायको. तिकडच्या रीतीने लग्न केलं होतं. इकडे घरी कधी कळवलं नाही. हा सिनेमा घ्यायला माणसं आली, तेव्हा कॅमेऱ्यावर ऊन येऊ नये म्हणून मी छत्री धरून उभा होतो. डाव्या बाजूला. ती दोर ओढता ओढता माझ्याकडे बघून हसली. ते यात आलंय."

मी खुर्चीकडे बघितलं. यंत्राच्या डावीकडे, दोन हातांवर.

"मग लढाई आली. विहिरी शत्रूच्या हाती जाऊ नयेत म्हणून पेटवून द्यायच्या, असा हुकूम सुटला. मला त्यांची भाषा येत होती. गावकऱ्यांना हुकूम समजावून सांगायचं काम माझ्याकडे दिलं. तिच्या बापाची विहीर होती, सात पिढ्यांची. त्यालाही मीच सांगितलं. शब्दन् शब्द बरोबर सांगितला." त्यांनी रिळाचं टोक पुन्हा एकदा नीट बसवलं. "ती माझ्याबरोबर निघाली नाही. म्हणाली, हे ज्याच्या तोंडून ऐकलं त्याच्यामागून मी चालणार नाही. पुढे काय झालं, मला माहीत नाही. पत्रं पाठवली. उत्तरं आली नाहीत."

 मला सुचलं ते कामाचंच. "तो तुकडा कापून ठेवा," मी म्हटलं. "एवढं जोडजोडून झालेलं रीळ. कोण मोजायला बसलंय?" मुख्याध्यापिकेने असं बोलू नये, पण बोलले.

"कापायला पातं घेतलं होतं काल." त्यांनी खिशातून पातं काढून दाखवलं. "उजेडासमोर धरलं की ती दिसते. पण हलत नाही. यंत्राशिवाय ती हसत नाही, बाई. आणि यंत्र उद्या जातंय. सुरुवातीला सात सेकंद होती. तुटतं आणि जोडतो, असं करत चार उरली."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"बसा," ते खुर्चीकडे हात करून म्हणाले.

"मी?"

"शेकडो लोकांनी हे रीळ पाहिलं. सगळे तेल बघतात. उद्या मी म्हटलं की ती अशी हसायची, तर हो म्हणायला एक तरी माणूस असावं. तुम्ही उगाच हो म्हणणाऱ्यांतल्या नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं."

मी बसले. हा सिनेमा मी आठ-दहा वेळा तरी पाहिला असेल. विहीर आली, काळं तेल आलं, दोर घेऊन उतारावरून चालत जाणाऱ्या बायका आल्या. तिसरीने मान वळवली आणि थेट माझ्याकडे बघितलं. केसांत फूल, गालाला काहीतरी पांढरं फासलेलं, कोपरापर्यंत हात काळे. मान डावीकडे टाकून ती हसली. पुढचा दात जरा आडवा होता. मग एक जोड आला, पडदा पांढरा झाला आणि पुन्हा तेल दिसायला लागलं.

सोमवारी मोघ्यांनी यादीप्रमाणे सगळं जमा केलं. रीळही. यादीवर खूण करून पावती घेऊन आले.

आता ते दिवसभर खोलीतच असतात. संध्याकाळी कधी कधी आमच्याकडे येतात. चाळीत वीज आली आहे, पण एक कंदील मी खुंटीवर ठेवला आहे, आणि त्यात तेलही भरून ठेवते. ते वास घेतात, "इराणचं" म्हणतात आणि पाटावर बसतात. मी पोळ्या लाटत असते.

परवा त्यांनी विचारलं, "बाई, हसताना ती मान उजवीकडे टाकायची, नाही का?"

"डावीकडे," मी म्हटलं. "आणि दात आडवा होता, तो वरचा."

"हां. वरचा," ते म्हणाले, आणि जरा वेळाने उठून गेले.