फेट्यांखालचा माणूस

राहात्याला बदली होऊन ड्रॉइंगच्या नृसिंह मास्तरांना वर्ष झालं, पण एकाही लग्नाची पत्रिका त्यांच्या खोलीपर्यंत आली नव्हती. एकाहत्तर सालची लग्नसराई अशी दणक्यात, की रोज कुठेतरी कर्णा वाजायचाच. कर्ण्यावरून बड्या मंडळींची नावं पुकारायची आणि त्यांना मांडवात फेटे बांधायचे, ही तिथली रीत. मास्तर खोलीत पिठलं ढवळत दुसऱ्यांची नावं ऐकायचे. जेवणाचं काय एवढं? पण चार माणसांत बसायला त्यांचा जीव नुसता तळमळायचा.

एका रविवारी मात्र त्यांचं डोकं फिरलं. रिकाम्या शाळेत जाऊन त्यांनी फळ्यावर एक असामी काढली. डोक्यावर एकावर एक सात फेटे, ते नाकापर्यंत घसरलेले, आणि कर्ण्याकडे टवकारलेला एक भलामोठा कान. शाळेचे चेअरमन आप्पासाहेब मांडवात अगदी असेच बसलेले त्यांना रस्त्यावरून दिसायचे. मास्तर पोटभर हसले. सोबत हसायला कुणीच नाही म्हटल्यावर फळा न पुसताच घरी गेले.

सोमवारी आप्पासाहेब आपल्या म्हाताऱ्या आत्याला, मुक्ताबाईंना, शाळा दाखवायला घेऊन आले ते नेमके त्याच वर्गात. हेडमास्तर सुमंत हात पसरून फळा झाकायला धावले. पण सुमंत पडले किडकिडीत, आणि फेटे सात.

"सरका बाजूला," आप्पासाहेब म्हणाले. बराच वेळ ते चित्राकडे बघत राहिले. नोकरी गेली, असं समजून दाराशी उभ्या मास्तरांनी डोळे मिटले.

"आयला, ह्ये तर पुणतांब्याचं काकासाहेब." आप्पासाहेबांचं पोट गदगदायला लागलं. "लई भारी काढलंय, मास्तर. पुसू नका."

दुसऱ्याच दिवशी काहीतरी निमित्त काढून त्यांनी खुद्द काकासाहेबांना आणलं. ते तर हसून हसून खाली बसले. "ह्ये आमचं व्याही राधाकृष्ण, दुसरं कोन?" मग राधाकृष्ण आले. त्यांनी सुमंतांच्या कानाशी लागून विचारलं, "ह्ये आप्पासाहेबच, व्हय ना?"

"मला चित्रातलं काय कळतंय?" सुमंत म्हणाले. आठवडाभर त्या वर्गाची गणितं तोंडीच झाली.

आप्पासाहेब खूश होते. लेकीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी तांब्यात निखारे घालून सदरा कडक केला. मांडवात नावं पुकारली जात होती, बडी मंडळी फेटे बांधून घेत एकमेकांकडे बघून खुसखुसत होती. पहिली पंगत बसली. मास्तरांना कुणी ऊठ म्हटलं नाही की बस म्हटलं नाही. ते कडेच्या बाकावर अंग चोरून बसले होते.

मुक्ताबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, समदी त्ये चित्तर एकमेकांवर ढकलत्यात. मला मातुर बराबर वळखू आलं."

आप्पासाहेब जवळपास नाहीत ना, ते मास्तरांनी बघून घेतलं. "कोण?"

"तुमीच की. त्यो कान तुमचा हाय."

मास्तरांचा हात कानाकडे गेला. दाढीच्या आरशातल्या त्या कानाशिवाय दुसऱ्या कुणाचा कान वर्षभरात त्यांनी जवळून पाहिलाच कुठे होता?

"उठा आता," मुक्ताबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "पुकारायची वाट किती बगायची? चला, मी वाढते तुमाला."

थोड्या वेळाने कर्ण्यावरून दोनदा नाव पुकारलं गेलं, "चित्रकार नृसिंह मास्तर, फेट्यासाठी यावं." मास्तरांना ते ऐकूच आलं नाही. तोंडात बुंदी कोंबून ते मुक्ताबाईंना हसत हसत कायसं सांगत होते.