लल्ला तामूंच्या नाचाचे वाटप बंद पाडिल्याची हकीकत

सर्व पाहतो आणि कोणापाशी बोलत नाही ऐसा धनी एकच. त्याचे स्मरण करून फेस नामे शहरी, तटाच्या आतल्या पेठेत, जुम्याच्या दिवशी जे तुंबळ जाहले त्याचे वर्तमान लिहिले असे. ज्यांस खोटे वाटेल त्यांनी लल्ला तामूंच्या तोंडी लागून पाहावे, मग आपले तोंड चाचपावे.

लल्ला म्हणजे तिकडील बाईसाहेब, आणि लल्ला तामू या घराच्या खाशा धनीण. त्यांची नात घिता हिचा विवाह, हज करून आलेले म्हणून हाज म्हणवणारे हाज तोहामी, यांचे चिरंजीवांशी ठरला, आणि हाजसाहेब ऐसे मानी की शिंकेलाही परवानगी मागावी लागे. मेंदीचे दिवशी बायकांचा दरबार भरला, पुरुषास बंदी, आणि लल्ला खुशीत येऊन हाजसाहेबांची नक्कल करीत्या जाहल्या: पोट पुढे, जपाची माळ हाती, बोकडाचा भाव पाडीत, आणि वर कंबर हलवून नाचल्या. थोरली नात नुझहा लग्नाची चित्रफीत इंटरनेटवर चढविण्याचा धंदा करी; तिने या नाचाची फीत काढून तीही चढविली, आणि मार्सेय, माँट्रियलच्या आत्यामावश्यांस न अडखळता दिसावी म्हणून क्लाउडातील वाटपखाते नेमिले, जे पृथ्वीच्या ठाण्याठाण्यांवर फितीची प्रत ठेवून रयतेस वाटी.

इथवर ठीक. परंतु जुम्याचे सकाळी एका मावशीने त्या फितीचा दुवा वराकडील व्हॉट्सअ‍ॅप समूहात धाडिला, आणि त्यात खुद्द हाजसाहेब होते! ते फोन बंद करून मशिदीत गेलेले. नमाजानंतर कुसकुस, म्हणजे वाफविल्या रव्याचे जेवण, खाण्यास लल्लांच्या घरीच येणार आणि मग विवाहकरारावर सही करणार. फोन उघडला की सही बुडाली, घिताचे लग्न बुडाले.

"पुसून टाकलं म्हणालीस ना? मग ही इथं कोण नाचतेय?" लल्ला फोन पुढे करून नुझहावर कडाडल्या.

"लल्ला, मूळ कोठारातलं पुसलं. पण ठाण्यांवर प्रती गेल्यात. तिथनं वाटप चालूच आहे."

"माझ्या कमरेचं वाटप! बंद कर, कारटे!"

मग नुझहाने संगणकाची काळी खिडकी उघडिली, जेथे चित्र नाही, बटण नाही, नुसती अक्षरांची हुकूमत, आणि खाते समूळ मोडावे ऐसे फर्मान लिहिले. उत्तर आले की चालते खाते मोडता येत नाही, आधी थांबवावे. लल्लांनी ते मान्य केले, म्हणाल्या, "खरंच आहे, चुलीवरची उकळती हंडी कोण घासतं?"

मग तिने खात्याचा जाबता, म्हणजे कलमांची यादी, मागविला, त्यासवे ताजा शिक्का आला, आणि जाबत्यात 'चालू: होय' होते तेथे 'नाही' करून, शिक्का दाखवून, परत रुजू केला. जबाब आला: शिक्का शिळा, जाबता दरम्यान बदलला. पुन्हा मागविला, पुन्हा शिळा. मग तपास करिता उघड जाहले की नुझहाचा भाऊ अन्वर मार्सेयहून मदतीच्या हौसेने त्याच जाबत्यात दुरुस्त्या करीत होता, आणि त्याच्या प्रत्येक दुरुस्तीस नवा शिक्का उमटे. या घरात एकीने मीठ घातले की बाकीचे चारजण न पुसता घालितात, ही जुनी खोड.

लल्लांनी फोन घेतला. "अन्वर, हात डोक्यावर. दोन्ही. कॅमेरा लाव, मला दिसू देत."

मग शिक्का ताजा राहिला आणि हुकूम मंजूर जाहला. परंतु पृथ्वीवरच्या तमाम ठाण्यांस खबर पोचण्यास अवकाश, आणि खिडकी म्हणे 'अंमल होत आहे', आणि इकडे हाजसाहेब दारात.

तेव्हा लल्लांनी स्वयंपाकघरात फर्मान सोडिले की तमाम चमचे उचलावे. हाजसाहेबांस हाताने कुसकुसचे लाडू वळण्याचा मोठा अभिमान. लल्लांनी त्याची तारीफ मांडिली, तुपाची धार सोडिली, आणि डाव्या हाती ताकाचा वाडगा दिला. हाजसाहेबांनी येताच फोन चालू करून बाजूस ठेविला होता; तो थरथरला. हाजसाहेबांनी बोटे पाहिली, ती तुपाने माखलेली, आणि आणखी एक लाडू वळिला. पुन्हा थरथरला. लल्ला म्हणाल्या, "गार होतंय, हाज!" आणि मांसाचा मोठा तुकडा पुढे सारिला.

आतून नुझहा खोकली. ठाणी पडली, वाटप बंद!

हात धुवून हाजसाहेबांनी दुवा उघडिला, तो रिकामे पान. "काय होतं हे? सगळे हसतायत समूहात."

"कुणाची तरी रेसिपी असेल," लल्ला म्हणाल्या, आणि करार पुढे केला, आणि सही जाहली.

मग स्वयंपाकघरात हाजसाहेबांच्या पत्नी लल्ला सफिया आल्या आणि दार लोटून घेतले. लल्ला तामूंचा चेहरा उतरला. सफियाबाई कानाशी वाकल्या.

"नाच सकाळीच पाहिला, तीनदा. बाई, माळ तुम्ही डाव्या हातात धरलीत. आमचे हे उजव्या हातात धरतात."

येणेप्रमाणे वाटपखाते थांबले, मग मोडिले, मुलीचे लग्न राखिले, आणि उभय घरांच्या धनिणींत सलोख्याचा तह होऊन सदरहू दुरुस्ती लल्ला तामूंनी तत्क्षणी, दाराआड, उजव्या हाती माळ घेऊन चालून दाखवून मान्य केली.