दाखल नसलेल्या सासूबाई

डॉक्टर रॉयस हालवरसनने त्या मंगळवारी सकाळी एक साधा निश्चय केला: जेवायच्या सुट्टीपर्यंत एकतीस फायली निकालात काढायच्या आणि तोवर बायकोचा फोन घ्यायचा नाही. (बायकोचा फोन न घेण्याचे निश्चय माणूस इतक्या सहजपणे का करतो, हे एक कोडंच आहे.)

मिनेसोटातल्या त्या इस्पितळात रॉयस डॉक्टर होता खरा, पण पेशंटच्या अंगाला हात लावून त्याला अकरा वर्षं झाली होती. पलंगावर आडवा पडलेला माणूस इस्पितळात 'दाखल' आहे की नुसता 'निरीक्षणाखाली' आहे, हे दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून, कागद बघून ठरवायचं, हे त्याचं काम. पलंग तोच, सुई तीच, पाणचट सूपही तेच. पण पुढे हिंडता-फिरता येईपर्यंत शुश्रूषागृहात राहायची वेळ आली, तर म्हाताऱ्यांचा सरकारी विमा पैसे देतो तो तीन दिवस 'दाखल' असलेल्यालाच. निरीक्षणाखालचा माणूस कितीही दिवस कण्हत पडला, तरी सरकारच्या लेखी तो सहज डोकावून गेलेला पाहुणा.

"पलंग चारशे चौदा," फोनवर नर्स मार्लिस वाचू लागली. "बाई, वय एक्याऐंशी. पडल्या."

"बर्फावरून. माहितीये. आज निम्मं गाव पडलंय. पुढे?"

"कमरेच्या हाडाला चीर. ऑपरेशन नको म्हणतायत. खालच्या नव्या डॉक्टरांनी दाखल करून घेतलंय, नाव—"

"नाव काय करायचंय? नियम नाव विचारतो का? गोळ्या द्या, दोन दिवस पडू द्या. निरीक्षण लिही, खाली माझं नेहमीचं टिपण जोड. त्या पोराला सांग, मी म्हणालोय म्हणून."

नव्या डॉक्टरने अर्थातच मान डोलावली. रॉयस साडेबारालाच मोकळा झाला आणि त्याने मोठ्या समाधानाने मोबाइल उघडला. बायकोचे अकरा फोन येऊन गेले होते.

"आई पडली!" जनेल ओरडली. "धूर झाला की वाजणाऱ्या छतावरच्या घंटीत सेल घालायला स्टुलावर चढली होती! तुझ्याच इस्पितळात आहे, आणि तू फोन घेत नाहीस!"

रॉयस चौथ्या मजल्यावर धावला. सासूबाई, म्हणजे आर्डिथ सॉर्बी, पांढऱ्याफटक चेहऱ्याने पडल्या होत्या.

"काही काळजी करू नका," तो छाती काढून म्हणाला. "मी आहे ना इथे."

"एक मुलगी बारीक अक्षरांचा कागद घेऊन आली होती," आर्डिथ म्हणाल्या. "मला वाटलं जेवणाचा आहे. सही केली आणि टर्की सांगितली. अजून आलेली नाही."

रॉयस खो खो हसला. ('तुम्ही दाखल नाही, निरीक्षणाखाली आहात' असं पेशंटला कळवणारा तो कागद त्यानेच लिहिलेला होता, आणि कुणाला काही कळू नये इतका चांगला लिहिलेला होता.) कागद बघायचं मात्र त्याला सुचलं नाही.

गुरुवारी दुपारी इस्पितळाचे समाजसेवक टीग आले आणि म्हणाले, "शुश्रूषागृहात जागा आहे. पण विमा मिळणार नाही. आजी दाखल नव्हत्याच."

"दाखल नव्हती?" जनेलचा आवाज चढला. "तीन दिवस पडून आहे ती! सहलीला आलीय का?"

रॉयसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तडक मार्लिसच्या टेबलापाशी गेला आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा गरजला, "चारशे चौदाला निरीक्षण लिहिणारा गाढव कोण? एक्याऐंशीची बाई, हाड मोडलेलं, घरी एकटी, न्हाणीघर जिन्याच्या वर! लाज नाही वाटत?"

मार्लिसने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. खाली दोन अक्षरं होती: आर. एच.

"रँडी हूपर?" रॉयसने आशेने विचारलं.

"डॉक्टर हूपर गेल्या उन्हाळ्यात वारले."

रॉयस हलक्या आवाजात म्हणाला, "बदल ना."

"मागच्या तारखेने बदलता येत नाही. तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

बायकोला त्याने आधी 'संगणकाची चूक' सांगून पाहिलं. ते टिकलं नाही. आतून सासूबाईंचा आवाज आला, "रॉयस! मी दाखल नव्हते, तर तो मागून उघडा झगा घालून मला तीन दिवस का फिरवलं?"



शुश्रूषागृहाचं बिल खिशातून भरण्यापेक्षा आर्डिथ मुलीकडे राहायला आल्या. टीव्हीची खोली त्यांची झाली. जनेल शिक्षिका, शाळा चालू, म्हणून रजा रॉयसने काढली. उठवणं, बसवणं, औषधं, चाकांची चालायची चौकट धरून दहा पावलं चालवणं, सगळं त्याच्या गळ्यात पडलं. चौथ्या दिवशी न्हाणीघराच्या दाराशी त्याने त्यांना कमरेला धरलं होतं, तेव्हा त्या एकदम रडायला लागल्या.

"जावयाकडून हे करून घ्यायची वेळ यायला नको होती रे."

रॉयसला आठवलं, की त्या मंगळवारी त्याने 'निरीक्षण' लिहिलेल्या, अशाच पडलेल्या चौदा जणी होत्या. बाकीच्या तेराजणींना दारापर्यंत कोण नेत असेल, हे कुठल्याच फायलीत लिहिलेलं नव्हतं.

मग तो पेटला. स्वतःच्या निर्णयाविरुद्ध त्याने आर्डिथच्या नावाने चार पानांचं अपील लिहिलं. 'असा निर्णय देणाऱ्यास वैद्यकशास्त्राचा गंधही नसावा' हे वाक्य जनेलने सुचवलं. 'काळजाचाही' हे सासूबाईंनी वाढवलं.

पाच आठवड्यांनी फोनवर सुनावणी झाली. तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसली, फोन मधोमध. पलीकडे विम्याची अपिलं ऐकणारा, दुसऱ्या राज्यातला कुणी डॉक्टर होता, आवाजाने मोठा सभ्य.

"पत्रातली कळकळ पोचली," तो म्हणाला. "पण मूळ टिपण पाहिलं. नियमाला इतकं धरून लिहिलेलं टिपण मी वर्षात वाचलं नाही. कुठे बोट ठेवायला जागा नाही. अपील फेटाळावं लागतंय."

रॉयसने डोक्याला हात लावला. आपण इतके हुशार आहोत हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

"एक विचारू?" पलीकडून आवाज आला. "हे आर. एच. कोण? आमच्याकडे एक जागा रिकामी आहे. असा माणूस मिळाला तर आम्ही उद्या घेऊ."

आर्डिथनी फोन स्वतःकडे ओढला.

"खुशाल न्या," त्या म्हणाल्या. "फक्त शेगडीपासून लांब ठेवा. काल अंडं उकडायला ठेवलं आणि पाणीच घालायला विसरला."