घरभेटीचा फॉर्म

समुपदेशक दुपारी तीनला येणार, म्हणून चिरंजीव सकाळी सातपासून आबांच्या मागे लागले होते. दाढी, अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, भांग. आबा एकेकाळचे स्टेशनमास्तर. स्मृतिभ्रंश होऊन तीन वर्षं झाली, तरी खुर्चीत असे बसायचे की समोरच्यानं आपणहून तिकीट काढून दाखवावं. या खटाटोपात चिरंजीवांची स्वतःची चार दिवसांची दाढी तशीच राहिली आणि शर्ट उलटा घातला गेला. पण तपासणी आबांची होती. चिरंजीवांकडे कोण बघतंय?

बेल वाजली. दार आबांनी उघडलं.

"या साहेब! प्रवास ठीक झाला ना?"

समुपदेशक नवा होता. अशा रुग्णांच्या कुटुंबांना आधार कसा द्यायचा, याचं तीन आठवड्यांचं प्रशिक्षण नुकतंच संपल्यामुळे त्याला सगळंच कळत होतं. त्याला पाठवणाऱ्या मदत केंद्रानं दिलेल्या फॉर्मवर 'घरी वडील व मुलगा, पैकी एक रुग्ण' एवढंच लिहिलेलं होतं. वयाचा रकाना भरायचे कष्ट कुणी घेतले नव्हते.

तेवढ्यात आतून चिरंजीव भिंत चाचपडत आले. "चष्मा कुणी पाहिला का माझा?"

"हातात आहे तुझ्या," आबा म्हणाले.

समुपदेशकाला भरून आलं. साठीच्या मुलाला या वयात सांभाळणारा बाप! त्यानं पेन उघडलं आणि चिरंजीवांना मोठ्यानं, सावकाश विचारलं, "काका, आज वार कोणता?"

"मंगळवार. नाही, थांबा. गोळ्यांच्या डबीत बघून सांगतो."

"गुरुवार," मांडीवरच्या पेपरात बघून आबा म्हणाले.

"सकाळी काय खाल्लंत?"

"आबांनी दोन अंडी खाल्ली."

"आणि तुम्ही?"

चिरंजीवांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मी भांडी घासली."

समुपदेशकानं ते लिहून घेतलं. मग आबांकडे वळून हळूच विचारलं, "घरी त्रास देतात का?"

"स्वभावानं चांगला आहे हो," आबा म्हणाले, "पण हल्ली एकच गोष्ट दहादा विचारतो. जेवलात का, गोळी घेतली का, पुन्हा जेवलात का. रात्रभर घरात फिरतो. दारं ओढून बघतो."

"अहो, दारं तुमच्यासाठी बघतो!" चिरंजीव ओरडले. "साहेब, काहीतरी घोटाळा होतोय. पेशंट मी नाही, हे आहेत!"

रुग्णाशी वाद घालू नये, हा प्रशिक्षणातला पहिला धडा. "हो काका, अगदी बरोबर," समुपदेशक गोड हसला. चिरंजीवांचा आवाज चढला. फॉर्मवर 'अकारण चिडचिड' अशी भर पडली.

"साहेब, तुमची बदली कुठून झाली?" आबांनी चौकशी केली. इतक्या ताणातही या माणसाची विनोदबुद्धी शाबूत आहे, याचं समुपदेशकाला कौतुक वाटलं. त्यानं चिरंजीवांना सोफ्यावर आडवं केलं, पायाखाली उशी दिली आणि डोळे मिटून दहा श्वास मोजायला लावले. चिरंजीवांना काहीतरी ठणकावून सांगायचं होतं. चौथ्या श्वासाला ते घोरू लागले.

सूनबाई ऑफिसातून आल्या तेव्हा सल्ला लिहून झाला होता: रोज दुपारी दोन तास सक्तीची झोप. आठवड्यातून एक दिवस घराबाहेर. रात्रीसाठी केंद्राचा माणूस. रुग्णाचा सगळा भार एकट्यावर टाकू नये.

"ह्यांचं नाव रुग्णाच्या जागी कसं?" सूनबाईंनी विचारलं.

समुपदेशकानं सोफ्याकडे पाहिलं, मग आबांकडे पाहिलं. आबा त्याला तिसऱ्यांदा विचारत होते, प्रवास ठीक झाला ना. तीन आठवड्यांचं प्रशिक्षण त्याच्या चेहऱ्यावरून भराभरा उतरलं.

"माफ करा, ताई. उलटं झालं. फाडून दुसरा भरतो."

"खबरदार!" सूनबाईंनी फॉर्म ओढून घेतला. "दोन वर्षं मी हेच सांगतेय. माझ्या शब्दाला कोण विचारतो? आता निदान केंद्राचा शिक्का तरी आहे. आबांसाठी दुसरा फॉर्म काढा. हा असाच राहू दे."

समुपदेशक नव्या फॉर्मसाठी बॅगेत खुडबुड करू लागला. आबांनी ओठांवर बोट ठेवलं. उठून त्यांनी खुर्चीवरची शाल घेतली आणि सोफ्यावरच्या त्या माणसाच्या अंगावर नीट पांघरली. त्याचं नाव मात्र त्यांना आठवेना.

"हळू," ते कुजबुजले. "फार दमलाय बिचारा. ह्याच्या घरी कुणी आहे की नाही बघणारं?"