कर्दळीचा गुन्हेगार

साहेबांना यंदा गौरव मिळवून द्यायचाच, असं प्रयोगशाळेतल्या बाईंनी मनावर घेतलं, तेव्हा त्यांची पोरगी मांडीवर होती आणि पेनाचं टोपण पोरीच्या तोंडात. सांडपाणी केंद्राचे साहेब महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते. उभ्या आयुष्यात त्यांचं कौतुक केलं ते फक्त दातांच्या डॉक्टरनं; तेही ओरडले नाहीत म्हणून.

पर्यावरण तज्ज्ञांच्या संघटनेचा नियम मात्र कडक. सहकाऱ्यानं सहकाऱ्याचं नाव सुचवायचं आणि त्याला सुगावा लागू द्यायचा नाही. लागला, की नाव बाद. परीक्षकसुद्धा साधे पाहुणे म्हणून येणार.

दोघं आले. नाकाशी धरलेले रुमाल त्यांनी बुचकळ्यात पडून खिशात घातले. वास कुठेच नव्हता! जुन्या टाकीत सांडपाणी शुद्ध करणारी कर्दळ फुललेली, पलीकडच्या नितळ पाण्यात मासे.

"ही कर्दळ कुणी लावली?" एकानं खर्जात विचारलं.

हे पाहुणे नव्हेत, तपासनीस आहेत, असं साहेबांनी ताडलं. लावली त्यांनीच होती, पण कुणाला न विचारता. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी!

"बाईंनी," ते म्हणाले.

आत काचेची भांडी धूत असलेल्या बाईंच्या हातून एक सटकलं.

"आणि मासे?"

"तेही बाईंनीच."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी? मी नको नको म्हणत होतो हो!"

बाई पेचात पडल्या. खरं सांगावं तर साहेबांचं नाव बाद, न सांगावं तर ते स्वतःच स्वतःला बाद करतायत. त्या फाटकापर्यंत पाहुण्यांच्या मागे धावल्या.

"अहो, सगळं साहेबांनीच केलंय! माझा काडीचा संबंध नाही!"

परीक्षकांनी एकमेकांकडे भरल्या डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी साहेब हळूच म्हणाले, "बाई, पोरीला घेऊन चार दिवस माहेरी जाता का?"

"का हो?"

"हवापालट! आणि फोन बंद ठेवा."

समारंभात नाव पुकारलं गेलं ते बाईंचं. सहकाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सुचवलेलं, म्हणजे नियमात चोख बसणारं.

"साहेब, काय हे?" बाई कुजबुजल्या.

साहेबांचे कान लाल झाले. "अहो, मला वाटलं पकडायला आलेत. म्हटलं, तुमचं लेकरू लहान, तुम्हाला सोडतील तरी."

रागवावं की हसावं हे बाईंना कळेना. त्या तरातरा मंचावर गेल्या. "हा गौरव माझा नाही. कर्दळ साहेबांची, मासे साहेबांचे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"खोटं नाही सांगत!"

लोक उभे राहिले. अध्यक्षांनी डोळे पुसले आणि विनयासाठीचा वेगळा गौरवही बाईंनाच द्यावा, असं तिथल्या तिथे सुचवलं.

"अनुमोदन!" मागच्या रांगेतून आवाज आला.

साहेबांचा होता.